हौशी रेसिंगसाठी डेटा लॉगर: माझ्या बाकावरून गेलेले डबे

डेटा लॉगर म्हणजे गाडी पळताना वेग, जागा, तापमान असे आकडे सतत लिहून ठेवणारा डबा. तो घ्यायचा म्हटलं की पोरं आधी चॅनेल मोजतात, म्हणजे तो किती वेगवेगळ्या गोष्टी नोंदवतो ते. ह्यात आठ, त्यात बारा, मग बाराचाच घेऊया की! कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पोट चालतं ते स्टार्टर, अल्टरनेटर आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगवर. पण ह्या गावाला रेसिंगची खोड जुनी. मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक इथंच आहे, आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक तर आपल्याच हायवेवर आहे. शिरोली नाक्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ धरायचा आणि बेंगळुरू ओलांडून पुढं जात राहायचं, नऊशेच्या वर किलोमीटर. तिकडं ट्रॅक डेला (फी भरून आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) जाणाऱ्या, ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या वाटेवर एकट्यानं घड्याळाशी शर्यत) खेळणाऱ्या गाड्या वायरिंगला माझ्याकडं येतात, आणि त्यांच्याबरोबर हे छोटे काळे डबेही येतात. बसवून दे, चालू कर, ह्यात काय दिसतंय ते सांग. माझा मामेभाऊ स्वतः स्विफ्ट पळवतो, त्यामुळं आलेख बघत बसायचं काम घरातही सुटत नाही.

तर माझं मत आधीच सांगतो. हौशी ड्रायव्हरनं चॅनेल विकत घेऊ नयेत, वेगाचा स्वच्छ आलेख विकत घ्यावा. ट्रॅकवर कुठल्या जागी गाडीचा वेग किती होता, एवढं एक चित्र खात्रीचं मिळालं की पहिली दोन-तीन वर्षं शिकायला पुरून उरतं. तेल किती तापलं, सस्पेन्शन किती दबलं, हे प्रश्न नंतरचे. आणि ते ज्याला पडतात त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

आता हर्ट्झचं बोलू, कारण विक्रेते सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापतात. जीपीएस सेकंदाला किती वेळा आपली जागा आणि वेग सांगतो, तो हा आकडा. फोनमधला जीपीएस साधारण सेकंदाला एकदा सांगतो. ताशी १२० किमी वेगानं गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढं जाते. म्हणजे ब्रेकवर पाय कुठं पडला ही गोष्ट फोनच्या दोन ठिपक्यांच्या मधेच कुठंतरी गडप होते. १० हर्ट्झला दोन ठिपक्यांत ३.३ मीटर उरतात, २५ हर्ट्झला १.३ मीटर. एकावरून दहावर जाणं म्हणजे आंधळ्याला डोळे येणं. दहावरून पंचवीसवर जाणं चांगलं, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजावे इतकं नाही. कोणी ५० किंवा १०० सांगत असेल तर आधी विचारा, खरोखर मोजलेले आहेत की मधले ठिपके गणितानं भरलेत?

ह्याहून महत्त्वाची गोष्ट छापील कागदावर सहसा नसते. जीपीएसची जागा दोन-तीन मीटरनं चुकू शकते. वेग मात्र तो दोन जागांमधलं अंतर मोजून काढत नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीची वारंवारता गाडीच्या हालचालीमुळं किंचित बदलते, त्या डॉप्लर फरकावरून काढतो, आणि तो आकडा फार अचूक येतो. म्हणून वेगाच्या आलेखावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, नकाशावरच्या रेषेवर बेतानं. सकाळच्या सेशनची आणि दुपारच्या सेशनची रेषा एकावर एक ठेवून ‘मी अपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला) अर्धा मीटर बाहेर होतो’ असं कोणी सांगायला लागलं की मी चहा मागवतो. त्या अर्ध्या मीटरची खात्री ह्या किमतीतल्या डब्याला देता येत नाही. एकाच सेशनमधल्या लागोपाठच्या लॅप मात्र बऱ्यापैकी जुळतात, कारण चूक झाली तरी ती हळूहळू सरकते, एकदम उडी मारत नाही.

मग सगळ्यात स्वस्त वाट कुठली? खिशातला फोन आणि एक ॲप. फिनलंडचं रेसक्रोनो, जर्मनीचं हॅरीज लॅपटायमर, अमेरिकेचं ट्रॅकॲडिक्ट, ही तिन्ही नावं तुम्हाला पिटमध्ये ऐकू येतील. मी रेसक्रोनोवर स्थिरावलो. त्याची फुकट आवृत्ती आहे, प्रो आवृत्तीला एकदाच पैसे भरायचे, दर महिन्याची कटकट नाही. बाहेरचा जीपीएस जोडता येतो, ओबीडी (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा अडॅप्टर, त्याबद्दल पुढं) जोडता येतो, व्हिडिओवर आकडे चढवता येतात आणि डेटा साध्या सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतो. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ज्या डब्याचा डेटा फक्त त्याच्याच ॲपमध्ये कोंडलेला राहतो तो मी कोणालाच घ्यायला सांगत नाही. कंपनी उद्या बंद पडली तर तुमच्या सगळ्या लॅप तिच्याबरोबर गेल्या.

नुसत्या फोनवर पहिले एक-दोन ट्रॅक डे काढायला माझी हरकत नाही. लॅप टाइम सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजानं मिळेल, आपल्याला ह्या प्रकारात रस आहे का हेही कळेल. ब्रेकिंगचा अभ्यास मात्र त्यावर होणार नाही.

रस आहे असं ठरलं की पुढची पायरी म्हणजे ब्लूटूथवर फोनला जोडायचा वेगळा जीपीएस. इथं मी बहुतेकांना रेसबॉक्स मिनी सांगतो. तळहातात मावेल एवढा डबा, २५ हर्ट्झचा जीपीएस, आत जी-फोर्स (ब्रेक, वेग आणि वळणात गाडीला बसणारा जोर) आणि गाडीचं वळणं मोजणारे सेन्सर, स्वतःची बॅटरी. त्याचं स्वतःचं ॲप आहे, पण तो रेसक्रोनो आणि हॅरीज ह्यांच्याशीही बोलतो, म्हणून तो मला आवडतो. बाहेर त्याची किंमत दीडशे ते दोनशे डॉलरच्या पट्ट्यात असते. आपल्याकडं येईपर्यंत कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, तेव्हा डॉलरला नुसता रुपयानं गुणून खूश होऊ नका. इथल्या आयातदाराकडून थोडं महाग पण बिलासह मिळत असेल तर तिथंच घ्या. वॉरंटीसाठी डबा परत परदेशात पाठवायची वेळ आली तर जाण्यायेण्याच्या खर्चात अर्धा नवीन येतो.

ह्याच घरातला मिनी एस थोडा महाग आहे. फरक असा की त्याच्या पोटात मेमरी आहे, फोन नसला तरी तो लिहीत राहतो. कारवाल्याला साधा मिनी पुरतो. बाइकवाल्यानं मात्र एसच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. बाइकवर फोन ठेवणार कुठं? लेदर सूटच्या खिशात ठेवला तर पडल्यावर बरगडीला लागतो, टँकवर ठेवला तर थरथरून त्याच्या कॅमेऱ्याची वाट लागते. आणि चेन्नईच्या उन्हात काचेमागं लावलेला फोन तापून स्वतःच बंद होतो, हे कारवाल्यांनीही ध्यानात ठेवायला हवं. ऐन चांगल्या लॅपला स्क्रीनवर तापमानाची सूचना आणि खाली काळोख. एसीची जाळी फोनकडं वळवा म्हणावं तर रेससाठी हलकी केलेल्या गाडीत एसी असतो कुठं! अशा वेळी फोन सीटखाली, सावलीत, पट्ट्यानं बांधून ठेवायचा आणि जीपीएसचा डबा तेवढा डॅशबोर्डवर. ब्लूटूथला तेवढं अंतर काहीच नाही.

मिनीत काय नाही तेही सांगायला हवं. इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) नाहीत, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर किती दाबला) नाही, एखादा सेन्सर जोडायला पिन नाही, ड्रायव्हरला दिसेल असा पडदा नाही. ज्याला लॅप चालू असतानाच आपण पुढं आहोत की मागं हे बघायचं असतं त्याला फोन समोर लावावा लागतो. मामेभाऊ आधी हट्टानं तसा लावायचा. आता लावत नाही. गाडी १३० वर असताना बारीक हिरवे-लाल आकडे वाचण्यापेक्षा पुढचा ब्रेकिंगचा बोर्ड बघितलेला बरा, हे त्याचं त्यालाच पटलं.

ड्रॅगी नावाचा डबाही पोरं घेऊन येतात. तो शून्य ते शंभर, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, अशा सरळ पळण्याच्या मोजमापासाठी जन्मलेला आहे आणि त्या कामाला चोख आहे. वळणांच्या ट्रॅकवर घासाघीस करायची असेल तर त्याच पैशांत दुसरीकडं जास्त मिळतं. आणि एक सांगतो, सरळ पळण्याचं मोजमाप पन्हाळा रोडला किंवा बायपासला करायचं म्हणून बसवायला आणलात तर मी बसवून देत नाही. गिऱ्हाईक रुसतं, रुसू दे.

आता ओबीडी. ह्या विषयावर माझ्याकडं राग साठलेला आहे.

गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात अडॅप्टर खोचला की आरपीएम, थ्रॉटल, कूलंटचं तापमान फोनवर येतं, त्यामुळं ‘डेटा लॉगर चारशे रुपयांत’ असं पोरांना वाटतं. पहिला प्रश्न, गाडीत ओबीडी-२ आहे का? आपल्याकडं ते पेट्रोल-डिझेल कारना २०१३ च्या एप्रिलपासून बंधनकारक झालं. आजही ज्या जुन्या एस्टीम ट्रॅकवर पळतात त्यांचं उत्पादन २००७ मध्येच थांबलं, तेव्हा त्यांना हा अडॅप्टर दाखवण्यात अर्थ नाही. दुसरा प्रश्न, गाडी कुठल्या भाषेत बोलते? सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिना भरलेल्या असतील तर कॅन, ७ नंबरची भरलेली आणि ह्या दोन रिकाम्या असतील तर के-लाइन. टॉर्च लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. के-लाइनचा वेग सेकंदाला १०.४ किलोबिट, कॅनचा साधारण ५०० किलोबिट. के-लाइनवर चार गोष्टी मागितल्या तर प्रत्येक गोष्ट सेकंदाला जेमतेम एकदा हाताला लागते. म्हणजे फिरून आपण फोनच्या एक हर्ट्झवर येऊन बसलो.

आणि पोरांना बघायचा असतो ब्रेक. ‘दादा, ह्यात ब्रेक कुठं दिसतोय?’ दिसत नाही बाबा. ओबीडी-२ ची ठरलेली यादी प्रदूषणाच्या तपासणीसाठी बनवलेली, तिच्यात ब्रेकचं प्रेशर नाही. वेग आहे, पण तो एका बाइटमध्ये, म्हणजे पूर्ण किलोमीटरमध्ये. ८७, ८८, ८९. मधलं काही नाही. ज्या डब्याला जीपीएस आहे त्याचा वेग ह्याच्यापेक्षा कितीतरी बारीक असतो, आणि ब्रेक त्या वेगाच्या उतारावरूनच वाचायचा असतो.

अडॅप्टरच्या चिपची गोष्ट मजेदार आहे. ईएलएम३२७ ही मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या प्रोग्रॅमला कुलूपच नव्हतं, तो कॉपी झाला आणि जगभर नकलांचा पूर आला. मूळ कंपनीनं १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नाही. तरी बाजारात डब्यावर अभिमानानं ‘व्ही १.५’ छापलेलं असतं! नकलेतही चालणारे तुकडे असतात, नाही असं नाही, पण दोन सारख्या दिसणाऱ्या डब्यांतला एक चालतो आणि दुसरा दर पाच मिनिटांनी हात सोडतो. ओबीडी हवाच असेल तर ओबीडीलिंकसारखा जरा बरा घ्या, आणि तोही कॅन असलेल्या गाडीलाच. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली काढली तरी. गाडी महिनाभर ट्रेलरवर झाकून ठेवणारे लोक अडॅप्टर तसाच खोचून ठेवतात आणि मग माझ्याकडं बॅटरी ‘अचानक’ उतरल्याची तक्रार घेऊन येतात.

कार्टिंगवाल्यांचं सगळं वेगळं. तिथं ओबीडी नाही, बारा व्होल्टचा भरवसा नाही, डॅशबोर्ड नाही. इटलीच्या एआयएम कंपनीचा मायक्रॉन ५ स्टिअरिंगवर बसतो, स्पार्क प्लगच्या वायरभोवती गुंडाळलेल्या साध्या वायरवरून आरपीएम घेतो, पाण्याचं किंवा हेडचं तापमान दाखवतो आणि आत जीपीएस आहे. स्वस्त नाही. पण कार्टमध्ये आरपीएम आणि तापमान ह्या चैनीच्या गोष्टी नाहीत. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) कुठला लावायचा, इंजिन किती दमवायचं, हे त्यावरच ठरतं. इथं माझा ‘फक्त वेग’ वाला सल्ला मी मागं घेतो. सुदैवानं जुना, वापरलेला मायक्रॉन मिळतो आणि पुन्हा विकलाही जातो. घेताना बॅटरी किती टिकते ते चालू ठेवून बघा, आणि प्लगच्या वायरशी जाणारी पिकअप वायर तुटून जोडलेली नाही ना ते बघा. तिथंच आरपीएम उड्या मारायला लागतात.

एआयएमचंच कारसाठीचं भावंड म्हणजे सोलो २. पैसे असतील तर माझ्या दृष्टीनं हा शहाणा पर्याय आहे. जीपीएस १० हर्ट्झचा, कागदावर रेसबॉक्सपेक्षा कमी. पण स्वतःचा पडदा आहे, वर दिव्यांची ओळ आहे जी न वाचता नुसत्या कडेच्या नजरेनं कळते, मेमरी आत आहे, फोनची गरज नाही, वायफायवरून लॅपटॉपला डेटा जातो. खरी किंमत मात्र डब्याची नसून रेस स्टुडिओ ३ ह्या सॉफ्टवेअरची आहे. ते फुकट आहे, चांगलं आहे आणि शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. विंडोजवरच चालतं, मॅकवाल्यांनी आधीच जाणून घ्यावं. सोलो २ डीएल ह्या मोठ्या भावंडाला गाडीच्या ईसीयूची (इंजिनच्या संगणकाची) कॅन, के-लाइन किंवा आरएस२३२ वायर जोडता येते. किंमत रेसबॉक्स मिनीच्या तिप्पट-चौपट. इथं मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो. तुझ्या गाडीला स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, सेटिंग बदलता येणारा) आहे का, आणि आलेख बघून मॅप बदलणारा ट्यूनर आहे का? दोन्ही असतील तर डीएल घे. नसतील तर त्या वायरमधून आलेला डेटा बघणार कोण?

व्हीबॉक्स स्पोर्ट हा इंग्लंडच्या रेसलॉजिकचा, २० हर्ट्झ, एसडी कार्डवर लिहिणारा, मजबूत डबा. कामाचा आहे, पण स्वस्त ह्या शब्दात बसत नाही. गार्मिनचा कॅटलिस्ट कानात बोलून सूचना देतो, ज्याला परवडतो त्यानं घ्यावा, मी पुढं सरकतो.

आता स्वतः बनवणाऱ्यांचं. कॉलेजची बाहा किंवा फॉर्म्युलाची (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरवायच्या स्पर्धांची) टीम असेल तर ह्याला माझा पूर्ण पाठिंबा. ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा छोटा संगणक), यू-ब्लॉक्स कंपनीचा जीपीएस मॉड्यूल, एसडी कार्ड, एवढ्यात लॉगर उभा राहतो. रेसक्रोनोनं घरी बनवलेल्या ब्लूटूथ डब्यांसाठी दार उघडं ठेवलेलं आहे, त्यामुळं आलेखाचं सॉफ्टवेअर लिहायचा ताप वाचतो. मॉड्यूल निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो तो निओ-६एम. तो ५ हर्ट्झच्या वर जात नाही, आणि त्याच्या नकला तर विचारू नका. एम८एन घेतला तर १०, एम९एन घेतला तर चार उपग्रहमालिका एकत्र धरून २५ हर्ट्झ. गाडीची रचना स्वतःची असली की शॉक ॲब्सॉर्बरला पोटेन्शिओमीटर (सरकल्यावर विजेचा रोध बदलणारा सेन्सर) लावून त्याचा प्रवास मोजणं, ब्रेकच्या लाइनला प्रेशर सेन्सर लावणं, हे शिक्षण कुठल्याही तयार डब्यात मिळत नाही. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला जाणाऱ्या पोरांना परीक्षक तुमच्या निर्णयाचा आधार विचारतात. तेव्हा आपणच गोळा केलेला आलेख दाखवता आला तर बोलायला मुद्दा असतो.

हौशी कारवाल्यानं मात्र हा नाद करू नये. दोन हजारांचे भाग आणि सहा महिन्यांचे रविवार. शिवाय बनवलेला डबा बारा व्होल्टवर थेट लावायचा नसतो. चालू इंजिनला बॅटरीची वायर सैल झाली तर अल्टरनेटर क्षणभर भलताच मोठा झटका फेकतो. बक कन्व्हर्टरच्या (व्होल्ट कमी करणाऱ्या सर्किटच्या) आधी टीव्हीएस डायोड (असा झटका गिळणारा) आणि एक अँपिअरचा फ्यूज नसेल तर आधी ईएसपी३२ मरतो आणि नशीब वाईट असेल तर मागोमाग वायर जळते. रेसच्या गाडीत फ्यूजशिवाय एकही वायर असू नये, ती कितीही बारीक असो.

बसवण्याबद्दल मी दुकानदार म्हणून चार शब्द जास्त बोलणार. जीपीएसच्या डब्याला आभाळ दिसायला हवं. काचेवर धातूची सनफिल्म असेल तर सिग्नल मरतो. कार्बन फायबरचं बोनेट किंवा छप्पर असेल तर त्याच्याखाली ठेवू नका, कार्बन लहरी अडवतो. आत जी-फोर्सचा सेन्सर असेल तर डबा हलता कामा नये. दुहेरी टेप स्वस्तातला लावलात तर उन्हानं चिकट पातळ होऊन डबा ब्रेकिंगला पुढं घसरतो आणि आलेखात गाडीनं भलतंच काही केल्यासारखं दिसतं. मी ॲल्युमिनियमची छोटी पट्टी वाकवून डॅशच्या स्क्रूला धरतो, डबा काढता येईल असा पण हातानं हलवून हलणार नाही असा. गाडीचा नाक-शेपटीचा अक्ष आणि डब्यावरचा बाण एका दिशेत. चालू करायचा तो रांगेत उभं राहिल्यावर नाही. थंड जीपीएसला प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती उतरवून घ्यायला निदान अर्धं मिनिट लागतं, सगळे जमेपर्यंत आणखी. म्हणून गाडी पिटमध्ये उघड्यावर आली की डबा चालू, मग हेल्मेट.

एवढं सगळं करून आलेख हातात आला की बघायचं काय? मामेभावाच्या आलेखात पहिल्यांदा जे सापडलं ते जवळजवळ प्रत्येक नव्या ड्रायव्हरच्या आलेखात सापडतं. दोन लॅप एकावर एक ठेवायच्या, आडव्या अक्षावर वेळ नाही तर अंतर घ्यायचं, आणि वेगाची रेषा सरळ पट्ट्याच्या शेवटी कशी उतरते ते बघायचं. उतार तीव्र असायला हवा आणि वळणापाशी पोचेपर्यंत चालू असायला हवा. नव्या माणसाची रेषा घाईनं खाली येते आणि मग वळण सुरू होण्याआधी थोडा वेळ सपाट सरकते. लवकर ब्रेक धरला, वेग गरजेएवढा उतरला, आणि आता काय करायचं म्हणून गाडी नुसती सोडलेली. आकड्यात सांगतो. १४० वरून ७२ वर यायचं आहे आणि तुम्ही ब्रेक १० मीटर आधी धरला. ते १० मीटर १४० नं ०.२६ सेकंदात कापता आले असते, तुम्ही ते ७२ नं अर्ध्या सेकंदात कापले. एका वळणाला जवळजवळ पाव सेकंद. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, वळणं बारा. सगळीकडं एवढा जोराचा ब्रेक लागत नाही, पण चार ठिकाणी जरी हे घडलं तरी लॅपमागं सेकंद गेला. चांगल्या टायरनं मिळेल त्याच्या तोडीचा सेकंद, आणि फुकटचा.

दुसरं बघायचं ते वळणातून बाहेर पडतानाचा वेग. ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर ७२ ऐवजी ७६ नं बाहेर पडलात, पुढं गाडी सारखीच पळाली, तरी पट्टा संपेपर्यंत पाव सेकंदाहून जास्त कमावता. म्हणून आत शिरताना शूरपणा करून बाहेर पडताना स्टिअरिंगशी झगडणारा माणूस आलेखात हमखास सापडतो. त्याची वळणातली रेषा खाली टोकदार होते आणि मग लंगडत वर येते. हे बघायला फक्त वेग लागला. थ्रॉटलचा सेन्सर नाही, ब्रेकचा नाही, कॅन नाही.

सॉफ्टवेअर जो ‘थिऑरेटिकल बेस्ट’ दाखवतं, म्हणजे वेगवेगळ्या लॅपमधले उत्तम तुकडे जोडून बनवलेला टाइम, तो पोरं स्टेटसला लावतात. तो टाइम कोणी मारलेला नसतो. एका तुकड्यात वेगानं शिरण्यासाठी आधीच्या तुकड्यात काहीतरी दिलेलं असतं, ते दोन्ही एकाच लॅपला मिळत नाही. त्याच्याकडं बघावं ते फक्त कुठल्या तुकड्यात आपल्या लॅप एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत हे शोधायला. जिथं फरक मोठा, तिथं ड्रायव्हरला अजून काय करायचं ते पक्कं नाही.

स्पर्धेत उतरणार असाल तर आधी त्या स्पर्धेची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे तिचे खास नियम, वाचा. वन-मेक सिरीजमध्ये (सगळ्यांना एकाच मॉडेलच्या गाड्या) आयोजकाचाच लॉगर असतो आणि बाहेरचा चालत नाही असं होऊ शकतं. तुमच्या डब्याचा लॅप टाइम अधिकृत नसतो, अधिकृत तो ट्रान्सपाँडरचा, म्हणजे आयोजकाच्या घड्याळाला गाडीची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा. ह्यावरून स्टुअर्डशी (स्पर्धेच्या पंचाशी) भांडू नये. टीएसडी, म्हणजे ठरलेल्या वेगानं ठरलेल्या वेळी पोचायच्या रॅलीवाल्यांनी तर ह्यातलं काहीच घेऊ नये. त्यांचा खेळ अचूक अंतराचा आहे, त्यांना चाकाला सेन्सर लावलेला ट्रिपमीटर हवा.

मामेभावाच्या स्विफ्टमध्ये सध्या रेसबॉक्स मिनी, सीटखाली बांधलेला एक जुना अँड्रॉइड फोन आणि त्यात रेसक्रोनो प्रो एवढंच आहे. आता त्याला ब्रेकच्या लाइनमध्ये प्रेशर सेन्सर हवाय, म्हणजे मग डीएल हवा, म्हणजे मग वायरिंग हवं, आणि ते मी फुकट करणार असं त्यानं धरलेलं आहे. मी म्हटलं त्या पैशांत टायरचा एक सेट आणि ट्रॅक डेची एक फी येते. वायरिंगचे पैसे मी त्याच्याकडूनही घेणार आहे.